गुलाबी मेणबत्तीच्या रविवारी बॉक्स आणा: आमच्या पॅरिश कौन्सिलला (चर्चच्या समितीला), मराठी मंडळाला आणि बॉक्स भरणाऱ्या सगळ्या घरांना खुलं पत्र

नमस्कार,

मी मूळची वसईची, न्यू जर्सीत येऊन २२ वर्षं झाली, आणि गेली ११ वर्षं दर शनिवारी सकाळी आपल्या देवळाच्या बेसमेंटमधे जी फूड पँट्री चालते, गरजूंना फुकट किराणा देणारी, तिथे असते. (वसईकडे आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, इथेही तेच तोंडात येतं.) तुमच्यातले बरेच जण मला चेहऱ्याने ओळखता, खोकी उचलताना नाहीतर शेल्फ लावताना पाहिलं असेल. आज लिहितेय ते एकाच गोष्टीसाठी. तुमचा आगमनकाळाचा बॉक्स, म्हणजे नाताळच्या आधी रोज एक वस्तू टाकून पँट्रीसाठी भरतो तो, ह्या वर्षी (२०२५) २४ डिसेंबरला आणू नका, १४ डिसेंबरला आणा. का ते सांगते, जरा लांबेल, पण वाचा प्लीज.

मागच्या वर्षी २१ डिसेंबरला शनिवार होता, नाताळच्या आधीचा शेवटचा. आपलं दार नऊला उघडतं आणि लोक सातपासून पार्किंग लॉटमधे उभे होते. साडेअकरापर्यंत तांदूळ संपला, पीनट बटर संपलं, तेल तर त्या आठवड्यात आलंच नव्हतं. अगदी शेवटी एक बाई आली, बरोबर सात-आठ वर्षांचा मुलगा, त्याच्या जॅकेटची चेन तुटलेली म्हणून त्याने ते दोन्ही हातांनी पुढून धरून ठेवलेलं. शेल्फवर उरलं काय होतं, तर क्रॅनबेरी सॉसचे कॅन, पम्पकिन पायच्या सारणाचे कॅन आणि थोड्या हिरव्या बीन्स. तिने बीन्सचे चार कॅन पिशवीत टाकले, मग क्रॅनबेरीचा एक कॅन उचलून मागचं पुढचं वाचलं आणि परत ठेवून दिला, होता तिथेच, लेबल समोर करून. थँक यू म्हणाली, मेरी ख्रिसमस म्हणाली आणि गेली. मला उत्तर द्यायलाही सुचलं नाही.

आणि मग आली २४ ची रात्र. मिस्साला (नाताळच्या प्रार्थनेला) आलेलं एकेक घर आपापला बॉक्स घेऊन आलं, हॉलच्या भिंतीला लागून पार जिन्यापर्यंत बॉक्स लागले, त्यांच्यावर पोरांनी मार्करने तारे काढलेले, गाईगुरं काढलेली, कुणीतरी येशूबाळाचा गव्हाणीतला फोटो चिकटवलेला. मी पहिल्याच बॉक्सचं झाकण उघडलं तर वरच तांदळाची पिशवी, खाली पीनट बटर, बाजूला तेलाची बाटली. तीन दिवस आधी हे असतं तर! पुढचा शनिवार २८ चा, तेव्हा पँट्री बंद होती कारण निम्मे व्हॉलंटियर बाहेरगावी, त्यामुळे दार उघडलं ते थेट ४ जानेवारीला. माल वाया गेला नाही, सगळा कुणाच्या ना कुणाच्या घरी गेला, पण त्या बाईच्या घरचा नाताळ तोवर होऊन गेलेला होता.

ह्यात तुमची भावना कमी पडली असं मी अजिबात म्हणत नाहीये. चुकली ती तारीख, आणि ती तारीख आपल्याच पत्रकात छापलेली होती, ते पत्रक छापायच्या आधी मीसुद्धा वाचलं होतं, तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही.

मंडळातल्या ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नाताळच्या आधीचे चार रविवार धरून जो काळ असतो तो आगमनकाळ, इंग्रजीत अ‍ॅडव्हेंट. इकडे दुकानात पोरांसाठी २४ खिडक्यांची कॅलेंडरं मिळतात, रोज एक खिडकी उघडायची आणि आतलं चॉकलेट खायचं. त्याचं उलटं म्हणजे आपला बॉक्स, रोज काही काढायचं नाही, रोज एक खायची वस्तू टाकायची. कल्पना फार सुंदर आहे, लहान पोरांना लगेच कळते, माझी भाची तर ब्रश करायच्या आधी बॉक्सकडे पळायची. फक्त खिडक्या १ तारखेला सुरू होऊन २४ ला संपतात म्हणून बॉक्सही आपण तसाच भरतो, आणि घोळ तिथेच होतो, कारण चॉकलेट खिडकी उघडली की लगेच खाता येतं पण बॉक्समधला तांदूळ तसा लगेच कुणाच्या ताटात जात नाही.

मधे काय काय होतं ते बघा. बॉक्स आला की आधी वजन करायचं. मग प्रत्येक वस्तू हातात घेऊन तारीख बघायची, कॅन फुगलाय का, सांध्यावर चेपलाय का ते बघायचं, कारण तसा कॅन देता येत नाही, आतल्या जंतूंनी माणूस मरू शकतो. मग डाळी-बीन्स एकीकडे, भात-पास्ता एकीकडे, बाळाचं वेगळं, साबण-शाम्पू वेगळं. हे सगळं केळ्यांच्या खोक्यांत भरतात. अमेरिकेतल्या कुठल्याही पँट्रीत जा, केळ्याचे खोके दिसणारच, जाड पुठ्ठा, दोन्ही बाजूंना हात घालायला भोक, एकावर एक नीट बसतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आगाशीची सुकेळी आठवली, आमच्याकडे केळी उन्हात वाळवून पानात बांधतात ती, आणि इथे केळी निघून गेल्यावरचा रिकामा खोका लोकांचं अन्न वाहतो. एवढं सगळं करायला आपल्या सहा-सात जणांना दोन संध्याकाळी तरी लागतात, तेही नोकरीवरून आल्यावर.

म्हणून माझा हिशोब असा आहे. ह्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरला आहे, आणि तिसरा रविवार, ज्या दिवशी जांभळ्या मेणबत्त्यांमधली ती एकच गुलाबी मेणबत्ती पेटवतात, आनंदाचा रविवार, तो येतो १४ डिसेंबरला. तुम्ही घरी बॉक्स २१ नोव्हेंबरपासून भरायला घेतलात तर १४ डिसेंबरला बरोबर २४ वस्तू होतात, मोजून बघा. पोरांची एकही खिडकी कमी होत नाही. त्या रविवारी मिस्साला येताना बॉक्स आणा, सोमवार-मंगळवारी आम्ही माल लावतो, आणि २० डिसेंबरच्या शनिवारी तो लोकांच्या हातात जातो. पोरांना लक्षात ठेवायलाही सोपं, गुलाबी मेणबत्ती पेटली की बॉक्स द्यायचा.

२१ तारीख चुकली तर उशिरा सुरू करा आणि एखाद दिवशी दोन वस्तू टाका. वस्तू कमी झाल्या तरी चालतील, दिवस चुकवू नका.

आता बॉक्समधे काय टाकायचं. इथे मला माझंच सांगावं लागेल. २००९ मधे मंदीत माझ्या नवऱ्याचा जॉब गेला, कंपनीचं नाव कशाला घेऊ, हजारो घरांचं तसंच झालं होतं. घरात दोन लहान मुलं, भाडं, गाडीचा हप्ता. चौथ्या महिन्यात मी दुसऱ्या एका गावातल्या पँट्रीत गेले, मुद्दाम दुसऱ्या गावातल्या, कुणी ओळखीचं भेटायला नको म्हणून. त्यांनी एक बांधलेली पिशवी दिली. घरी येऊन टेबलावर सगळं मांडलं, सूपचे दोन कॅन, कॉर्नचा एक, टूनाचा एक, केकचं मिक्स. मुलं बाजूला उभी, कॅनवरची चित्रं बघून खूश. आणि मग लक्षात आलं की कॅन उघडायला घरात काही नाहीये. आपल्याकडे कॅन उघडून जेवण कोण करतं, ओपनर कधी घेतलाच नव्हता. वरच्या मजल्यावरच्या बाईकडे मागायला जायची लाज वाटली, का मागतेय ते सांगावं लागेल म्हणून. शेवटी नवऱ्याने स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी घेऊन सूपचा कॅन फोडला, त्याचा अंगठा कापला, सूप ओट्यावर सांडलं आणि उरलेलं आम्ही मुलांना दिलं. केकचं मिक्स तसंच पडून राहिलं, त्यात अंडी आणि तेल घालावं लागतं आणि घरात दोन्ही नव्हतं.

तेव्हापासून मी कुणाचाही बॉक्स बघितला की मनात एकच प्रश्न येतो, ह्यातून आज संध्याकाळी जेवण होईल का? तुम्हीही टाकताना तोच विचारा. वर ओढायची रिंग असलेले कॅन घ्या, आणि बॉक्समधे एकदा तरी एक ओपनर टाका, दोन-तीन डॉलरला मिळतो. पास्ता टाकला तर सॉसही टाका. तेलाची छोटी बाटली टाका, मीठ टाका, साखर टाका, ह्या तीन गोष्टी जवळजवळ कुणीच देत नाही आणि त्यांच्यावाचून चूल पेटून उपयोग नसतो. काही कुटुंबं मोटेलच्या खोलीत राहतात, काउंटीने तात्पुरती सोय केलेली असते, तिथे गॅस नाही, फक्त मायक्रोवेव्ह, त्यांना वाटीतला भात, ओट्स, तयार सूप उपयोगी पडतं. आजीआजोबा येतात त्यांना बीपी-शुगर असतं, कमी मिठाचे कॅन बघून घ्या.

आणि खाण्याशिवायचं. सरकारी स्नॅप कार्डावर (कमी उत्पन्नाच्या घरांना किराण्यासाठी सरकार देतं ते) फक्त खायच्या वस्तू मिळतात, साबण, टूथपेस्ट, टॉयलेट पेपर, डायपर, सॅनिटरी पॅड ह्यातलं काहीच मिळत नाही. माझ्यासमोर एका आईने मुलाचे डायपर संपलेत म्हणून तो दिवसभर एकाच डायपरवर आहे असं हळू आवाजात सांगितलंय. २४ दिवसांतले चार-पाच दिवस ह्या वस्तूंना द्या.

मराठी घरांसाठी खास सांगते कारण दरवर्षी होतं. घरचा फराळ आणू नका. दिवाळीची चकली, शेव, लाडू, किती प्रेमाने आणता ते मला दिसतं, मागच्या वर्षी एका आजींनी डबाभर बेसनाचे लाडू आणले आणि मला ते परत द्यावे लागले, त्यांचा चेहरा उतरला आणि माझाही. पण घरी केलेलं, डब्यात भरलेलं, उघडलेलं पाकीट असं काहीच आम्हाला वाटता येत नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नसतं आणि एखाद्या पोराला शेंगदाण्याची, काजूची अ‍ॅलर्जी असली तर जिवावर बेतेल. मोठ्या गोणीतून काढून झिपलॉकमधे भरलेली डाळही नको. काचेची लोणच्याची बरणी नको, खोक्यात फुटली की सगळा माल जातो. त्याऐवजी ओक ट्री रोडवरच्या दुकानातून तूरडाळीचं, मुगाचं, पोह्याचं सीलबंद पाकीट आणा, दोन पौंडाचं, चार पौंडाचं, वर इंग्रजीत सगळं छापलेलं असतं. हे कोण नेणार असं वाटेल तुम्हाला. नेतात हो. आपल्या रांगेत गुजराती आजी आहेत, बांगलादेशी कुटुंबं आहेत, नेपाळी आहेत, आणि मराठी आहेत.

हो, मराठी आहेत. हे कमिटीने नीट ऐकावं असं मला वाटतं कारण मंडळाच्या मीटिंगमधे मी दोनदा ऐकलंय की आपल्या लोकांना ह्याची गरज नसते. एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाचा जॉब गेला की सहसा जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरा जॉब नाहीतर सामान बांधायचं, आणि एच-वन-बीवाल्याला स्नॅप मिळत नाही. त्या ६० दिवसांत भाडं थांबत नाही. अशी माणसं येतात आमच्याकडे, गाडी दोन ब्लॉक लांब लावून, टोपी पुढे ओढून, आणि माझं मराठी ऐकून एकदम गप्प होतात. मी मुद्दाम इंग्रजीत बोलते मग. आपल्या पँट्रीत व्हिसा, पासपोर्ट काही विचारत नाहीत, नाव, गाव आणि घरात किती माणसं एवढंच. मंडळाच्या दिवाळीच्या पत्रकात ही एक ओळ छापली असती तर कुणाचा तरी एक महिना हलका गेला असता.

ह्या वर्षी तर रांग आधीच लांब झालीये. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर बजेट मंजूर न झाल्याने अमेरिकेचं केंद्र सरकार बंद होतं, ४३ दिवस, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्नॅपचे पैसे अडकले, देशभरात तेव्हा साधारण ४ कोटी २० लाख लोक त्या कार्डावर घर चालवत होते. जे लोक कधीच आले नव्हते ते त्या शनिवारी आले, त्यातले काही सरकारी नोकर होते, पगाराशिवाय कामावर जाणारे. सरकार उघडलं म्हणून उधारी फिटली असं होत नाही. तसं पाहिलं तर कुठलंच वर्ष सोपं नव्हतं, अमेरिकेच्या कृषी खात्याच्या २०२३ च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या १३.५ टक्के घरांना वर्षात कधी ना कधी पुरेसं अन्न मिळवणं कठीण गेलं, म्हणजे साधारण सातातलं एक घर. आपल्या गल्लीत सात घरं मोजा.

हे काम परक्यांचं आहे, आपण फक्त हातभार लावतोय असं काहींना वाटतं ते मला पटत नाही. पहिली फूड बँक (पँट्र्यांना माल पुरवणारं गोदाम) निघाली ती १९६७ मधे अ‍ॅरिझोनात, फिनिक्सला, सेंट मेरीज नावाने. जॉन व्हॅन हेंगेल म्हणून एक गृहस्थ संत व्हिन्सेंट डी पॉलच्या अन्नछत्रात काम करायचे, त्यांना एका बाईने सांगितलं की ती दुकानांमागे टाकून दिलेल्या मालातून दहा पोरांना जेवू घालते, आणि म्हणाली की अशी बँकेसारखी जागा पाहिजे जिथे एकाने ठेवावं आणि दुसऱ्याने काढावं. तिथल्या सेंट मेरीज चर्चच्या पॅरिशने त्यांना थोडे पैसे आणि एक रिकामी पडलेली इमारत दिली. कल्पना त्या बाईची होती, रांगेतल्या बाईची, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि ती संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आमच्या गावच्या देवळातही होती, माझे वडील रविवारी दुपारी त्यांच्याबरोबर घरोघर जायचे.

आणि आपल्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड नव्हता का? बाईने भाकरीला पीठ घ्यायच्या आधी एक मूठ धान्य बाजूला काढायचं, ते गोळा होऊन वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणाला जायचं. रोज एक मूठ. आपला बॉक्स वेगळं काय आहे? माझ्या आजीचं तांदळाचं मडकं असंच होतं, आणि ती भरायची वाट बघायची नाही, कुणी दाराशी आलं की जेवढं असेल तेवढं द्यायची.

तारखांबद्दल एक गैरसमज आहे तोही काढते. बेस्ट बाय म्हणजे तोपर्यंत चव उत्तम, त्यानंतर विष होतं असं नाही, थोडी उलटून गेलेली तारीख असली तर आम्हाला विचारा, बरेच कॅन आम्ही घेतो. बाळाच्या फॉर्म्युल्याचं मात्र तसं नाही, तारीख गेली की तो द्यायचाच नाही. आणि कुणाला काही झालं तर आपल्यावर केस होईल ही भीती असेल तर १९९६ पासून देशात कायदा आहे, चांगल्या मनाने दिलेल्या अन्नासाठी देणाऱ्याला संरक्षण आहे. पण म्हणून कपाट साफ करायचं ठिकाण समजू नका. २०१७ चं सूप आलं होतं गेल्या वर्षी. जे आपण आपल्या पोराच्या ताटात वाढणार नाही ते बॉक्समधे टाकू नये, बस.

ज्यांना वेळ नाही त्यांनी पैसे द्या, आणि त्यात कमीपणा नाही. फूड बँक घाऊक भावात घेते, फीडिंग अमेरिका ही फूड बँकांची देशव्यापी संस्था सांगते की एका डॉलरमधून किमान १० जेवणांची सोय होते. पण ज्या घरात लहान पोरं आहेत त्यांनी बॉक्स जरूर ठेवा, हातात वस्तू धरून टाकल्याचं मुलांना आठवतं.

तर पॅरिश कौन्सिलला माझी विनंती, ह्या रविवारच्या बुलेटिनमधे तारीख बदलून १४ डिसेंबर छापा आणि फादरना मिस्सानंतर दोन वाक्यं बोलायला सांगा, आणि २७ डिसेंबरच्या शनिवारी पँट्री बंद ठेवू नका, मुलांना शाळेची सुट्टी असते म्हणजे शाळेतलं जेवणही बंद असतं, नेमकं तेव्हाच आपण कुलूप लावतो. मी येते, चावी माझ्याकडे द्या, अजून चार माणसं मिळवून देते. मंडळाच्या कमिटीला विनंती, संक्रांतीच्या कार्यक्रमाला दाराशी एक खोका ठेवा. डिसेंबरात लोक भरभरून देतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत शेल्फच्या फळ्या दिसायला लागतात, तेव्हाच हीटिंगची बिलं येतात. तिळगूळ घ्यायला येताना प्रत्येकाने डाळीचं एक पाकीट आणलं तर आपला अख्खा फेब्रुवारी निघेल.

माल लावायला माणसं हवी आहेत, १५ आणि १६ डिसेंबर, सोमवार-मंगळवार, संध्याकाळी साडेसहापासून, बेसमेंटचं मागचं दार, पार्किंगच्या बाजूचं. आठ वर्षांवरची मुलं आईबाबांबरोबर आली तर चालतील, तारखा वाचायचं काम ती आमच्यापेक्षा भराभर करतात. आणि ग्रोसरीला जाल तेव्हा दुकानात केळ्याचे रिकामे खोके मागून आणा, झाकणासकट, आमच्याकडे सध्या फक्त नऊ उरलेत.

तुमचीच,
बेसमेंटमधली शनिवारची व्हॉलंटियर